पांढरं दिसलं की थांब

अण्णांची चकाकी मोजायची रीत सोपी आहे. वस्तू ट्यूबलाइटखाली धरायची आणि तिच्यात ट्यूब कशी दिसते ते बघायचं. ट्यूब सरळ आणि कडा धारदार दिसली की काम झालं. ट्यूब नागमोडी दिसली तर घासायचा पेपर कमी पडला. आणि ट्यूब दिसलीच नाही, नुसता पांढुरका उजेड दिसला, तर अजून सुरुवातच झालेली नाही.

माझ्या पहिल्या पंपात ट्यूब दिसली नाही. निळ्या रंगाचे चार हात मारून झाले होते आणि वरून बोटं फिरवली तर परातीतल्या रव्यात फिरवल्यासारखं वाटत होतं.

पंप म्हणजे खरा पंप नव्हे. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं पॅटर्न शॉप आहे. अण्णा चाळीस वर्षं सागवानाचे पॅटर्न करतात, फौंड्रीवाले ते वाळूत दाबून साचा घेतात आणि साच्यात बीड ओततात. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि त्याच गाळ्याच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर मांडला. (बोलताना मी 'येतो, करतो' असंच बोलते, आमच्याकडच्या पोरी बोलतात तसं. पुण्यातल्या मैत्रिणीला त्याचं अजून हसू येतं. लिहिताना तेवढं सांभाळते, कुठं घसरलं तर समजून घ्या.)

तर एका गिऱ्हाइकाला शेतीच्या प्रदर्शनात मांडायला अर्ध्या एचपीच्या मोनोब्लॉक पंपाचा (मोटर आणि पंप एकाच अंगात) नमुना हवा होता. खरं कास्टिंग हातात यायला दोन महिने होते, प्रदर्शन त्याच्या आधी. 'शोरूममधल्या गाडीसारखा झळकला पाहिजे' एवढीच अट. मोटरच्या बॉडीवर गोल फिरलेल्या बावीस पातळ फिन्स, म्हणजे मोटर थंड ठेवणाऱ्या पट्ट्या, म्हणून मी तो नायलॉनमध्ये थ्री-डी प्रिंट करून घ्यायचं ठरवलं. माझ्याकडचं छोटं मशीन तारेच्या प्लास्टिकचं. त्यावर फिन्सना आधार द्यावे लागले असते आणि ते तोडताना निम्म्या फिन्स हातात आल्या असत्या. नायलॉनचं तसं नसतं. पिठासारखी बारीक पावडर पसरायची, जिथं वस्तू हवी तिथंच लेझरनं वितळवून जोडायची, वर पुन्हा ०.१ मिमीचा थर पसरायचा. आजूबाजूची न वितळलेली पावडरच वस्तूला धरून ठेवते, वेगळा आधार लागत नाही. शिवाय हे नायलॉन, पीए-१२ म्हणतात ते, चिवट. टेम्पोतून पडलं तरी फुटायचं नाही. बॉडी आतून पोकळ ठेवली आणि आतली पावडर काढायला बुडाला १२ मिमीचं एक भोक ठेवलं. या भोकाकडे लक्ष ठेवा.

पुण्याहून पार्सल आलं. पांढरंशुभ्र, बघायला देखणं, पण वर हात फिरवला की खसखस. लेझरच्या कडेला असलेले पावडरीचे कण अर्धवट वितळून पृष्ठभागाला चिकटलेले असतात, त्यांच्या मधे बारीक बारीक फटी. बंद दिसते ती भिंत खरं तर आळशी गवंड्यानं लिंपलेली असते. मी सरळ स्प्रेचा डबा घेतला आणि मारला. पहिला हात जिरला, दुसरा जिरला, तिसऱ्याला जरा निळं दिसायला लागलं. चौथ्यानंतर अण्णांनी ट्यूबखाली धरलं आणि न बोलता माझ्या टेबलावर परत ठेवलं.

मग मी दुसरी चूक केली, जी पहिल्यापेक्षा मोठी. म्हटलं रवा आहे, घासून काढू. १२० नंबरचा पेपर घेतला आणि नायलॉनच घासलं. लाकूड घासलं की भुसा पडतो, बीड घासलं की चुरा पडतो. नायलॉन घासलं की त्याला लव फुटते. दोऱ्या आणि मोजे ज्याचे होतात ते हे द्रव्य, ते कापलं जात नाही, ओढलं जातं. जितकं जास्त घासावं तितकं केसाळ. त्यावर रंग मारला तेव्हा एक एक केस निळा होऊन उभा राहिला. फणसाचं पिल्लू. ॲसिटोनच्या वाफेवर धरून प्लास्टिक गुळगुळीत करतात असंही मोबाइलवर बघितलं होतं, तेही करून झालं. ते एबीएस नावाच्या प्लास्टिकला चालतं. नायलॉनला ॲसिटोनचं काही सोयरसुतक नाही.

अण्णा तोवर गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "लाकूड काय आणि तुझं नायलॉन काय, पितंय ते पितंयच की. आधी त्याची तहान भागव, मग रंगाचं बघू."

पॅटर्नला हे रोजचंच आहे. सागवान वाळूत दाबायचं म्हणजे ओल लागणार, ओल लागली की लाकूड फुगणार आणि माप गेलं. म्हणून चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजवून तिचे हात द्यायचे, बारीक पेपर, पुन्हा लाख, कोपऱ्यात लांबी (पुटी), मग रंग. तोंडं बंद केल्याशिवाय रंगाचा डबा उघडायचाच नाही. हे मी लहानपणापासून बघते आहे आणि तरी तीन दिवस मला ते आठवलं नाही, कारण माझी वस्तू कॉम्प्युटरमधून आली होती.

पंपावरच प्रयोग करून पैसे जाळण्यापेक्षा मी त्याच नायलॉनच्या बर्फीएवढ्या दहा वड्या मागवल्या. हे मी आधी करायला हवं होतं, तुम्ही तरी करा. एका वडीवर अण्णांनी लाख मारली. छान बसली, पण पेपर मारायला घेतल्यावर घर्षणानं गरम होऊन चिकट झाली आणि पेपरावर तिचे गोळे जमले. अण्णांचं म्हणणं मी हात दाबला. दुसऱ्या वडीवर पातळ सुपरग्लू पसरला. तो क्षणात आत शिरतो आणि दगडासारखा होतो, लहान भागाला उत्तम. पण अख्ख्या पंपाला किती बाटल्या लागतील आणि डोळ्यांचं काय होईल? त्यात जुलैची हवा. वर पांढरी बुरशी धरल्यासारखा धुरकट थर आला. तिसऱ्या वडीवर थेट सरफेसर मारला, म्हणजे गॅरेजवाले पत्र्यावर रंगाआधी मारतात ते जाड अस्तर. तोही चालला, पण पहिले दोन हात फुकट गेले.

जिंकली ती पातळ इपॉक्सीची वडी. इपॉक्सी म्हणजे दोन भाग मिसळले की कडक होणारी राळ, ही पाण्यासारखी पातळ, ब्रशनं लावायची आणि पाच मिनिटांत जास्तीची चिंधीनं पुसून घ्यायची. यातली खरी युक्ती अण्णांची. त्यांच्याकडे लाकूड सुकवायची पेटी आहे, आत चार बल्ब. वस्तू तिच्यात ६० अंशांपर्यंत गरम करायची, बाहेर काढायची आणि ती निवत असताना इपॉक्सी लावायची. गरम अंगावर इपॉक्सी आणखी पातळ होते, आणि वस्तू थंड होताना फटींतली हवा आकसून तिला आत ओढून घेते. उलटं केलं, म्हणजे थंड वस्तूला लावून मग गरम केली, तर आतली हवा फुगून बाहेर येते आणि बुडबुड्यांचं धिरडं होतं. अण्णा लाखही अशीच मारतात, ऊन उतरल्यावर. कारण विचारलं तर म्हणतात, "आमचे वस्ताद मारायचे." कारण मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, एवढंच.

पावसाळ्यात इपॉक्सी सुकल्यावर वर एक मेणचट थर येतो. तो कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणानं धुवायचा, हिरव्या घासणीनं सगळीकडून हलकं खरवडायचं. तसं न करता वर अस्तर मारलं तर ते नंतर पापडासारखं सुटतं.

आणि इथंच माझा दुसरा पंप गेला.

धुतला, पुसला, पंख्याखाली तासभर ठेवला. बाहेर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेल्याच्या बातम्या, म्हणजे इशारा पातळी, राजाराम बंधारा केव्हाच पाण्याखाली. अशा हवेत पंख्याखाली टॉवेल वाळत नाही. पण मला घाई. सरफेसर मारला, बल्बच्या पेटीत ठेवला आणि घरी जेवायला गेले. येऊन बघते तर अंगभर फोड, देवी आल्यासारखे. पीए-१२ स्वतः फारसं पाणी पीत नाही, पूर्ण भिजलं तरी वजनाच्या दीड टक्क्याच्या आसपास. त्याचा भाऊ पीए-६ नऊ टक्क्यांच्या वर पितो. मग फोड कशाचे? पंप कानाशी धरून हलवला. आत डुबुक. बुडाचं ते १२ मिमीचं भोक. धुताना त्यातून आत पाणी गेलं होतं, आतून इपॉक्सी लागलेली नव्हती. पेटीत गरम झाल्यावर ते पाणी वाफ होऊन भिंतीतून बाहेर निघालं आणि वाटेत माझं अस्तर आलं. तेव्हापासून भोकात रबरी बूच मारल्याशिवाय पाण्याजवळ जायचं नाही, आणि अस्तराआधी बूच काढून पेटीत चार तास.

तिसऱ्या पंपाला मी शेजारच्या गॅरेजमधल्या पेंटरमामांना बोलावलं. कोल्हापुरात पेंटर हा नुसता धंदा नाही. बाबूराव मेस्त्रींनी ते आडनावच करून टाकलं, बाबूराव पेंटर झाले, आणि वर सिनेमाचा कॅमेराही घडवला. मामा काही कॅमेरे घडवत नाहीत, पण ठोकलेल्या गाडीचं दार असं करून देतात की मालकालाच कुठलं ते सापडत नाही. आले, वडी हातात घेतली, नखानं खरवडली, वास घेतला.

"ताई, हे प्लास्टिक हाय का खडू?"

मी सगळं सांगितलं. मामांनी एकच गोष्ट सांगितली आणि ती या सगळ्या लेखापेक्षा मोलाची आहे. "पेपर अस्तराला मारायचा ओ, मालाला न्हाई. अस्तर करडं, तुमचा माल पांढरा. पांढरं दिसलं की थांबायचं."

तसं केलं. टू-के (दोन भागांचा) सरफेसर, चाराला एक हार्डनर, १.७ मिमी नोझलची स्प्रे गन, तीन ओले हात, मधे पंधरा पंधरा मिनिटं. रात्रभर सुकू दिलं. सकाळी मामांनी काळ्या स्प्रेचा डबा हातभर लांबून नुसता भुरभुरवला, मीठ टाकावं तसा. करड्यावर काळे ठिपके. मग ४०० नंबरचा वॉटर पेपर, बादलीत साबणाचा थेंब. घासत गेलं की उंच जागचे ठिपके निघून जातात, खोलगट जागी काळं उरतं. जिथं काळं उरलं तिथं अजून खड्डा आहे, डोळ्यांना दिसो न दिसो. मी जोर लावला की मामा ओरडायचे, "दाबू नका ओ, पेपर पाण्यावर पोहू द्या."

सपाट बाजू अर्ध्या तासात झाल्या. फिन्सनी दोन दिवस खाल्ले. दोन फिन्समधलं अंतर ६ मिमी, बोट जात नाही. आइस्क्रीमच्या काड्या आणल्या, त्यांना दोन्ही बाजूंनी पेपर चिकटवला आणि दर दोन फिन्सच्या मधून गोल फिरवत नेला. बावीस फिन्स, एकवीस गल्ल्या, प्रत्येक गल्लीला दोन भिंती आणि एक बूड. बुडाच्या कोपऱ्यात काडी पोहोचत नाही म्हणून पेपराची सुरळी करून तिचं टोक. आणि फिनच्या वरच्या धारेवर उलटं संकट. तिथं अस्तर मुळातच पातळ बसतं आणि पेपर पहिला तिथंच लागतो. नवव्या फिनवर पांढरं दिसलं, लव फुटायच्या आत थांबले. तेवढ्या धारेवर सुपरग्लूचा थेंब काडीनं ओढला, मग बारीक ब्रशनं सरफेसर. त्यानंतर मी सगळ्या धारांना आधी मास्किंग टेप लावायला लागले आणि फक्त शेवटचा हलका हात मारताना टेप काढायची. मामांनी ते बघून मान डोलावली. मला डिप्लोम्याच्या निकालाला इतका आनंद झाला नव्हता.

पुन्हा तीन हात अस्तर, ६०० चा पेपर, मग ८००. मग निळा बेस, १.३ ची गन, पातळ दोन हात. त्यावर क्लिअर, म्हणजे चकाकीचा पारदर्शक थर, दोनास एक हार्डनर. रंगाचं काम एवढंच, एका दुपारचं. बाकी सगळे दिवस रंगाच्या आधीचे.

हार्डनरबद्दल मात्र थांबून सांगते. त्यात आयसोसायनेट असतं. फुप्फुसाला एकदा त्याचं वावडं लागलं की दमा होतो आणि मग थोडासा वासही पुरतो. रुमाल बांधून काही होत नाही, कोविडमधला मास्कही वाफेला अडवत नाही. कार्ट्रिजवाला रेस्पिरेटर लागतो, दार-खिडक्या उघड्या लागतात. अण्णांचं म्हणणं चाळीस वर्षं त्यांनी रुमालावर काढली. त्यांनी चाळीस वर्षं लाख आणि स्पिरिट मारलंय, हा हार्डनरवाला पीयू रंग नाही. या मुद्द्यावर आमच्या गाळ्यात रोज भांडण होतं आणि रोज मी त्यांना बाहेर चहाला पाठवते.

क्लिअरचा दुसरा हात ओला असताना एक चिलट येऊन बसलं. फरशीवर पाणी मारलं होतं, धूळ नव्हती, पण चिलटाला कोण अडवणार? माझा हात पुढं गेला आणि मामांनी मनगट धरलं. ओल्यात बोट घातलं तर वीतभर खराब होतं. सुकल्यावर पाय तेवढे निघतात. आठवड्यानं १५०० चा पेपर, २०००, ३०००, मग रबिंग कंपाउंड आणि मऊ फडकं. चिलट गेलं. उजव्या बाजूच्या पायाशी नीट बघितलं तर एक ठिपका अजून आहे. गिऱ्हाइकाला दाखवलेला नाही.

जोडायला घेतला तर पंख्याचं कव्हर बसेना. मी मापं परत परत तपासली, ड्रॉइंग बरोबर होतं. अण्णा हसायला लागले. पॅटर्नचं माप कधीच खऱ्या वस्तूचं नसतं. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून मीटरभर कास्टिंगला पॅटर्न १० मिमी मोठा. अण्णांची काँट्रॅक्शन स्केलच तशी ताणून आखलेली आहे, तिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्यापेक्षा किंचित लांब. "आकसायला सोडता येतंय तुला, मग रंगाला का न्हाई सोडलंस?" इपॉक्सी, अस्तर, बेस, क्लिअर मिळून एका बाजूला जवळजवळ ०.२ मिमी चढले होते, म्हणजे व्यासाला ०.४. ड्रॉइंगमध्ये मी खेळ ठेवला होता ०.३. कव्हरची आतली कड खरवडून बसवली, आणि आता रंगवायच्या प्रत्येक जोडाला ड्रॉइंगमध्येच जागा सोडते. बोल्टच्या भोकांत कागदाची सुरळी घालते ती वेगळी.

संध्याकाळी पंप ट्यूबखाली धरला. अण्णांनी चष्मा पुसला. ट्यूब सरळ होती, तिच्या टोकाशी काळवंडलेला भागही दिसत होता. अण्णांनी मान जरा तिरकी केली, पंपात बघून मिशीवरून बोट फिरवलं आणि आत गेले.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोन. मला वाटलं रंग निघाला. तसं नव्हतं. एक शेतकरी काका स्टॉलवर आले, पंप आवडला, वजन बघायला म्हणून वाकले, कंबरेत जोर घेतला आणि १० किलोच्या हिशेबानं उचलला. आमचा पंप सव्वा किलोचा. पंप डोक्याच्या वर आणि काका मागच्या खुर्चीत. लागलं नाही, पण सगळा स्टॉल हसला आणि काका म्हणाले, "डबडं हाय की हे!"

"मॅडम, जड करता येईल का?"

बुडाचं भोक होतंच. समोरच्या फौंड्रीतून कोरडी वाळू आणली, चाळली, कागदाचं नरसाळं करून भरत गेलो, मधे मधे रबरी हातोडीनं ठोकत. काट्यावर चांगलाच जड भरला. बूच मारलं, वर इपॉक्सी. अण्णा दारात उभे राहून बघत होते.

"चाळीस वर्षं माझं काम वाळूत जातंय," म्हणाले. "तुझ्या कामात वाळू गेली."